बेकरीच्या ओव्हनला लावलेल्या चार प्रकारच्या वायरी, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, मी इलेक्ट्रिशियन नाही. गोव्यात डिचोलीला आमची छोटी बेकरी आहे, बिस्किटं, खारी, टोस्ट, पॅटिस, नाताळात केक आणि कोणी आधी सांगून ठेवलं तर बिबिंका. पाव आम्ही करत नाही, पाव पोदेराकडचाच, म्हणजे आमच्या गावच्या पाववाल्याकडचाच खावा, त्याच्या लाकडाच्या भट्टीशी आपण कशाला स्पर्धा करा. आमचा ओव्हन दोन डेकचा, थ्री फेज, प्रत्येक डेकला तीन-तीन किलोवॅटचे तीन हीटर. म्हणजे एका हीटरला २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं काय, नाताळाच्या चार दिवस आधी रात्री साडेनऊच्या सुमाराला वरच्या डेकमधून केक काढतोय आणि मागून वास आला. केक जळल्याचा वास आपल्याला झोपेतही कळतो, हा तो नव्हता, हा प्लास्टिकचा, घशात खवखवणारा. मेन बंद केला. गंमत म्हणजे एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडलाच नव्हता, नवा कोरा एमसीबी, तरी ढिम्म. नंतर कळलं की त्याचा काही दोष नाही, त्याला फक्त जास्त करंट गेलेला कळतो, वायर बाहेरून भाजली जातेय किंवा जॉइंट ढिला होऊन तापलाय हे त्याला कळायचं काही कारणच नाही.

सकाळी मागचा पत्रा काढला तर आत सगळं कोळसा. इन्सुलेशन गळून खाली टिपकलेलं, तांबं काळं-हिरवं, आणि आजूबाजूच्या स्क्रूंना पण गंज, कारण पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडची वाफ निघते आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती जिथे बसते तिथे खाते. आदल्या वर्षी एका वायरमनने रिपेअर करताना कंपनीची मूळ वायर काढून घरात फिटिंगला वापरतात ती अडीच एमएमची एफआर वायर टाकली होती. मी तेव्हा विचारलं पण होतं की ही चालेल का. उत्तर मिळालं, "शेट, वायर म्हणल्यार वायर, कांय जावचें ना", म्हणजे काही होणार नाही. दुकानदारानेही तेच, एफआर आहे म्हणजे आग लागत नाही.

इथे माझी पहिली अक्कल-खाती जमा झालेली रक्कम तुम्हाला फुकट देतो. एफआर म्हणजे उष्णता सहन करणारी वायर नव्हे. एफआर म्हणजे फ्लेम रिटार्डंट, पेटली तर ज्योत वायरीवरून पुढे पळत जात नाही एवढंच. एफआरएलएस म्हणजे त्यात धूर कमी. उष्णतेचं काय ते वेगळं असतं. घरातली साधी पीव्हीसी ७० डिग्रीची, पाकिटावर एचआर किंवा एचआर-एफआर लिहिलं असेल तर ८५ची. आणि हे ७० म्हणजे खोलीचं तापमान नव्हे, आतल्या तांब्याचं. यातच सगळी मेख आहे. तांबं आजूबाजूच्या हवेने पण तापतं आणि स्वतःच्या करंटने पण तापतं, दोन्ही मिळून ७० च्या वर जायला नको. म्हणजे आजूबाजूलाच ७० डिग्री असेल तर त्या वायरीतून करंट किती घ्यायचा? शून्य. एक अँपिअरसुद्धा नाही, हिशोबच संपला. ३० डिग्री हवेत वायरीची जी ताकद धरतात ती ५० डिग्रीला साधारण सत्तर टक्के आणि ६० ला निम्मी राहते, हे टेबलात छापलेलं असतं. आणि आमची वायर कुठे होती, हीटरच्या टर्मिनलपासून चार बोटांवर, १३ अँपिअर घेऊन. ती एक वर्ष टिकली हेच नवल.

नाताळ कसा निभावला ते विचारू नका. खालच्या एका डेकवर रात्रभर केक, बायको तीन दिवस बोलली नाही.

जानेवारीत धंदा जरा थंडावला तेव्हा मी नीट बसलो. मल्टिमीटरला तापमानाची प्रोब येते ती घेतली आणि ओव्हन २५० वर तासभर चालवून मागे जागोजागी मोजलं. पॅनेलपाशी ४५. मागच्या पत्र्याच्या डक्टमध्ये ९०. टर्मिनल बॉक्समध्ये १४०. आणि जिथे वरच्या हीटरची वायर ग्लास वूलच्या भिंतीतून आत जाते तिथे २५० च्या आसपास, आणि पिझ्झाच्या ऑर्डरला मी ३०० पर्यंत नेतो, म्हणजे तेव्हा त्याच्याही वर. अजून एक गोष्ट अशी दिसली जी मला कोणी सांगितली नव्हती, ओव्हन बंद केल्यावर टर्मिनल बॉक्स थंड व्हायच्या ऐवजी आधी तापतो. मागचा छोटा पंखा ओव्हनबरोबर बंद होतो आणि भिंतीतली सगळी साठलेली उष्णता सावकाश बाहेर झिरपते, वीस मिनिटांत १४० चे १६५ झाले. म्हणजे चालू असताना मोजून गप्प बसलो असतो तर फसलो असतो. (आता पंखा वेगळ्या स्विचवर घेतलाय, बंद केल्यावर अर्धा तास चालू ठेवतो.)

म्हणून मी ठरवलं की एकच वायर टोकापासून टोकापर्यंत न्यायची नाही. एक मीटरला एक वायर, पुढच्या मीटरला दुसरी. पॅनेलपासून मागच्या डक्टच्या तोंडापर्यंत साधी चार एमएमची एफआर पाइपातून, ४५ डिग्रीला तिला काही होत नाही, उगाच तिथे महागाची वायर घालून पैसे जाळायचे नाहीत. तिथे एक चिनी मातीचा कनेक्टर, आणि पुढे गरम मुलुखातली वायर. आता त्या वायरींचा रिव्ह्यू.

पहिली, सिलिकॉन रबर आणि वरून फायबर ग्लासचं विणकाम. हिची मर्यादा १८० डिग्री. डक्ट आणि टर्मिनल बॉक्सला हीच लावली, मुद्दाम अडीचच्या ऐवजी चार एमएम, कारण जाड वायर स्वतःच्या करंटने कमी तापते आणि १४० वर माझ्याकडे खेळायला फार जागा नव्हती. दीड वर्षात एकदाही तक्रार नाही. काढून बघितली, अजून मऊ, वाकवली तरी चिरत नाही, वरचं विणकाम फक्त टर्मिनलपाशी बदामी झालंय. हिचा मला आवडलेला गुण म्हणजे जळली तरी हिची जी राख होते ती सिलिकाची, पांढरी, वीज न वाहणारी आणि जागेवर बसून राहणारी. मी अंगणात एक तुकडा लायटरवर धरून बघितला, पीव्हीसीचा तुकडा काळा धूर सोडत टिपकत गेला आणि हिची पांढरी काडी तशीच उभी. अवगुण पण सांगतो, नुसतं सिलिकॉन म्हणजे विणकाम नसलेलं घेऊ नका, स्वस्त मिळतं पण पत्र्याच्या धारेला लागलं की लोण्यासारखं कापलं जातं, आणि बेकरीत उंदीर असतातच, नाही म्हणणाऱ्या बेकरीवाल्यावर माझा विश्वास नाही, उंदराला ते कुरतडायला फार आवडतं. आणि विणकामवाली सोलताना हातमोजे घाला, त्या काचेच्या बारीक कुसांनी दोन दिवस खाजकुयली लागल्यासारखं होतं. आमचे जुने वायरमन हिला अजूनही अॅस्बेस्टॉसची वायर म्हणतात, अॅस्बेस्टॉस नाही ती, काच आहे. पाचपैकी साडेचार.

दुसरी टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. १९३८ साली रॉय प्लंकेट नावाच्या केमिस्टच्या सिलिंडरमधून गॅस येईना म्हणून सिलिंडर कापला तर आत पांढरी पावडर सापडली, तीच ही. बारीक, गुळगुळीत, कडक, दिसायला एकदम देखणी. मर्यादा २६० डिग्री, पण थांबा, ही मर्यादा आतल्या तारेवर निकेलचा मुलामा असेल तर. चांदीचा मुलामा असेल तर २०० च. दुकानात कोणी हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. मी ही दिव्याच्या वायरिंगला लावली, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, आणि तिथे उत्तम आहे, अर्ध्या जागेत मावते, तेल-तूप लागलं तर पुसून काढा. भिंतीच्या आत मात्र नाही घातली, माझी भट्टी ३०० ला जाते आणि २६० ची वायर तिथे कशाला मरायला पाठवा. शिवाय टेफ्लॉन ३५० च्या वर गेलं की त्याचा धूर विषारी, माणसाला ताप भरतो आणि पिंजऱ्यातले पक्षी तर मरतात. हे मला वाचायला मिळालं तोपर्यंत मी अंगणात तिचाही तुकडा लायटरवर धरून झालं होतं, शेजारच्या काकूंचा पोपट वाचला हे आमचं दोघांचं नशीब. तुम्ही असला उद्योग करू नका. खरी-खोटी ओळखायची असेल तर गरम सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवा, पीव्हीसी लगेच रुतते, टेफ्लॉन ढिम्म. सोलायला मात्र कटकट, पाती घसरते आणि आतली एखादी तार कापली जाते, तिथूनच पुढे गरम होते. किंमत दणकून. पाचपैकी चार, पण माझ्या कामाला.

तिसरी, मायका आणि ग्लासची वायर, आत निकेलची तार. भिंतीतून जाणाऱ्या तुकड्याला हीच. आत अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली, वर काचेचं विणकाम, आणि चांगल्या मालाला साडेचारशे-पाचशे डिग्री सांगतात. इथे तारेचा प्रश्न खरा आहे. इन्सुलेशन कितीही भारी असलं तरी आत कथिलाचा मुलामा असलेलं तांबं असेल तर कथिल २३२ डिग्रीला वितळतं, आणि उघडं तांबं दोनशेच्या वर हळूहळू काळं पडत, पापुद्रे सोडत खंगत जातं. म्हणून निकेल. पण शुद्ध निकेलची वायर घेतलीत तर लक्षात ठेवा, निकेलचा रोध तांब्याच्या जवळपास चौपट, त्याच जाडीत ती चौपट तापणार, म्हणजे जाडी वाढवा. त्यापेक्षा जिथे जमेल तिथे निकेल चढवलेलं तांबं बरं. शुद्ध निकेल आहे का ते लोहचुंबक लावून कळतं, चिकटतं. या वायरीला वाकवायचं ते एकदाच, बसवताना, मोठी गोलाई ठेवून. मी पहिल्यांदा काटकोनात दाबली तर आतला अभ्रक कुरकुर करत फुटला, तो तुकडा फेकून द्यावा लागला. उष्णतेला पाचपैकी पाच, पावसाळ्याला दोन. ते पुढे सांगतो.

चौथी आवड म्हणून नाही, चूक म्हणून सांगतो. अर्थिंगची वायर. सगळ्या फेज-न्यूट्रलच्या वायरी भारी लावल्या आणि हिरवी अर्थ मात्र साधी पीव्हीसी तशीच राहिली, कारण अर्थमधून करंट जात नाही मग ती कशाला तापेल असं माझं डोकं. अहो पण शेजारी १४० डिग्री आहे! दोन महिन्यांनी उघडलं तर ती हिरवी वायर बाजूच्या वायरीला चिकटून गळली होती. अर्थची वायर पण त्याच जातीची हवी, हिरवी न मिळाल्यास टोकांना हिरवा काचेचा स्लीव्ह चढवा.

टोकांविषयी पण बोलायलाच हवं कारण अर्धे ओव्हन वायरीने नाही, थिंबलने, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपून बसवतात त्या धातूच्या तुकड्याने मरतात. लाल-निळ्या प्लास्टिकच्या टोपीवाले थिंबल टर्मिनल बॉक्समध्ये लावायचे नाहीत, टोपी वितळते. नागडे, निकेल चढवलेले घ्या. आणि सोल्डर तर अजिबात नाही, साधं सोल्डर १९० डिग्रीच्या आतच पातळ होतं, माझा बॉक्स १६५ ला जातो, जॉइंट जरा ढिला होऊन तापला की सोल्डर खाली आणि ठिणगी वर. क्रिंपिंग, तेही पकडीने चेपून नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने. पहिल्या दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर मेन बंद करून सगळे नट पुन्हा आवळायचे, कारण तापून-थंड होऊन ते सैलावतात, सैल झाले की रोध वाढतो, रोध वाढला की तापतं, तापलं की आणखी सैल.

आता पावसाळा. वायरींचे कॅटलॉग ज्यांनी लिहिले त्यांनी बहुतेक जुलैत डिचोलीत आठवडा काढलेला नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कपाटातल्या चपलेला बुरशी, पत्र्याच्या डब्यातली खारी दुसऱ्या दिवशी लोळते. जुलैत दोन दिवस बेकरी बंद होती, तिसऱ्या दिवशी पहाटे चारला ओव्हन लावला आणि आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळायला लागला की मेन तोडणारा स्विच, खाट. पुन्हा वर केला, पुन्हा खाट. मी सगळा दोष नव्या मायका वायरीला दिला, कारण काचेचं विणकाम ओलावा पितं हे मला माहीत झालं होतं, आणि दुकानदाराला फोन करून नको ते बोललो पण. मग दुसरा वायरमन आला, हा शहाणा, त्याने मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती धड आहे ते मोजायचं मीटर, लावला. सगळं एकत्र धरून सुई शून्यावर. मग त्याने वायर हीटरपासून सोडवली आणि वेगवेगळं मोजलं. वायर एक मेगओहमच्या आसपास, म्हणजे चांगली नाही पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाडण्याइतकी वाईट अजिबात नाही. हीटर मात्र शून्य. हीटरच्या नळीत आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती ओलावा ओढते, आणि माझ्या दोन हीटरच्या टोकाचं सील तडकलं होतं. म्हणजे वायरीवर उगाच आळ. दुकानदाराला परत फोन करून माफी मागितली, तो हसला फक्त.

मग हीटर वाळवायचे कसे. एकजण म्हणाला आरसीसीबी बायपास करून दहा मिनिटं चालवा आपोआप वाळतील. त्याला मी चहा पाजून पाठवून दिलं. ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडी ट्रे हातात घेणारी माझी पोरं आहेत. शेवटी काय केलं तर दोन्ही हीटर काढले, पिशवीत घातले आणि वाड्यावरच्या पोदेराकडे गेलो. त्याचे सकाळचे पाव, पोय आणि उंडे, काढून झाले होते, भट्टी उतरणीला लागलेली, मी प्रोब आत घालून बघितलं तर दीडशेच्या आसपास, म्हणजे अगदी हवं तेवढं. पाच तास ठेवले. संध्याकाळी मेगर लावला, सुई थेट वर. टोकाला हाय टेंपरेचरचं सिलिकॉन सीलंट भरलं. पोदेर म्हणाला, "तुज्या ओव्हनाक म्हज्या भट्टीची गरज पडली मरे!" तेवढं ऐकून घेतलं, पैसे घेतले नाहीत त्याने.

तेव्हापासून मागच्या बॉक्सपाशी पावसाळाभर १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब चालू ठेवतो, ओव्हन बंद असला की. एवढ्याशा उबेने ओल धरत नाही. आणि मायका वायरीची दोन्ही टोकं सोलली की लगेच सिलिकॉन वार्निशचा हात फिरवायचा, म्हणजे विणकाम वातीसारखं पाणी ओढत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना तर खाऱ्या हवेमुळे हे आणखी लागेल.

अजून एक वायर राहिली, तिला लोक वायरच समजत नाहीत. थर्मोकपलची, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची. आमचा के टाइप, ही त्याची एक जात. सेन्सरची मूळ वायर आखूड पडली म्हणून पहिल्या वायरमनने ओव्हनच्या मागेच एका कोपऱ्यात जोड मारून पुढे साधी तांब्याची वायर पॅनेलपर्यंत नेली होती. डिस्प्लेवर २२० आणि नानकटाई खालून काळी. मला वाटायचं तुपात खोट आहे, तूपवाला बदलला! थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडी, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर ती डिग्रीमागे ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास देते. मधेच तांबं जोडलं की कंट्रोलरला वाटतं गार टोक आपल्याच जवळ आहे, खरं तर ते त्या तापलेल्या जोडापाशी असतं. माझ्या जोडाचा तो कोपरा ७५ डिग्रीचा, पॅनेल ४० ला, म्हणजे सरळ ३५ डिग्रीचा घपला, डिस्प्ले २२० म्हणतोय तेव्हा आत २५५. त्याला के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग वायर, म्हणजे त्याच जोडीशी जुळणारी वायर लागते, काचेच्या विणकामाची. आणि रंगाचं सांभाळा, अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस, आपल्याकडच्या वायरमनला लाल दिसली की हात आपोआप प्लसकडे जातो. पूर्ण उलटी जोडली तर भट्टी तापेल तसा आकडा खाली उतरतो आणि कंट्रोलर बिचारा आणखी तापवत सुटतो. शंका असेल तर पुन्हा तेच लोहचुंबक, जी तार चिकटते ती मायनस. ही बदलल्यापासून नानकटाई सुधारली. जुन्या तूपवाल्याकडे परत जायची अजून लाज वाटते.

दुकानांविषयी थोडं. म्हापशाच्या बाजारात एक जुनं दुकान आहे, शुक्रवार सोडून जा, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत तो बोलायला मोकळा नसतो. सिलिकॉन-ग्लास त्याच्याकडे मिळाली, मीटरवर कापून देतो, तुकडा मागितला तर सँपल पण दिला, आणि मी मागितलेली टेफ्लॉन निकेलची आहे का विचारलं तर त्याने खरं सांगून टाकलं, निकेलची नाही, चांदीची आहे. असा दुकानदार मिळाला तर सोडू नका. फक्त माल मोजकाच ठेवतो आणि काही रिळांवर छापील मर्यादा नाही, तोंडी हिशोब. छापलेलं नसेल तर मी तरी आत जाणाऱ्या कामाला घेणार नाही.

मायका वायर मात्र गोव्यात मला मिळाली नाही म्हणून मुंबईला लोहार चाळीतल्या एकाकडून मागवली, फोटोवर बघून, पैसे आधी, पार्सल रात्रीच्या बसने. फोनवर त्याला तीनदा सांगितलं, आत निकेल, चारशेच्या वरची. वीस मीटरचं बंडल आलं, बिलावर मोठ्या अक्षरात हाय टेंपरेचर वायर, मर्यादा कुठेच नाही. विणकाम सोललं तर खाली अभ्रक नाही, सिलिकॉन. तार पांढरी होती म्हणून क्षणभर वाटलं निकेल असेल, पण गॅसच्या ज्योतीवर टोक धरलं तर चमकणारे बारीक मणी होऊन मुलामा वाहायला लागला. कथिल. फोन केला तर म्हणे साहेब सगळे बेकरीवाले हीच नेतात. बदलून द्यायला तयार, पण जाण्या-येण्याचं भाडं माझं. मी नाद सोडला आणि दुसऱ्याकडून, छापील मर्यादा आणि तारेचा प्रकार बिलावर लिहून घेऊन, पाच मीटर योग्य वायर आणली. पाच मीटरच लागत होती मुळात.

ते वीस मीटरचं बंडल दोन महिने कपाटावर पडून होतं. मग सत्तरी तालुक्यात माझ्या मावसभावाची काजूची छोटी फॅक्टरी आहे, तो आला तेव्हा विषय निघाला. त्याच्या बोर्म्यात, म्हणजे काजूगराची साल सुटावी म्हणून ६५-७० डिग्रीला सात-आठ तास वाळवतात त्या कपाटात, दर सीझनला वायर खडखडीत होऊन तडकते. त्याचं म्हणणं, आमचं तर काय, सत्तरच डिग्री, तुझ्यासारखी भट्टी थोडीच आहे, आणि वायर पण सत्तरचीच लिहिलेली. मी कपाळावर हात मारला. पीव्हीसीला मऊ ठेवणारं जे काही त्यात मिसळलेलं असतं ते उष्णतेने उडून जातं आणि मग ती वाळक्या झावळीसारखी मोडते. ढोबळ हिशोब असा की मर्यादेच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं. आणि बोर्मा रोज सात तास, सलग तीन महिने.

माझ्या भिंतीत जी वायर महिन्याभरात मेली असती ती त्याच्या ७० डिग्रीला मजेत आहे, १८० ची सिलिकॉन, वर विणकाम, कथिल वितळायचा प्रश्नच नाही. या सीझनला उघडून बघितली त्याने, जशी लावली तशी. बदल्यात दोन किलो काजू देतो म्हणाला होता, एक किलोच दिले, आणि त्यातही अर्धे तुकडा. केकमध्ये गेले.